कांद्याची निर्यातबंदी आणि दिंडोरीचा कौल : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतील एका मतदारसंघाचा प्रकरण अभ्यास

४ जून २०२४ रोजी अठराव्या लोकसभेचे निकाल लागले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी या अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघात केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचा १,१३,१९९ मतांनी पराभव झाला. त्यांना हरवणारे राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे हे पेशाने शिक्षक. २००९ पासून सलग तीन वेळा भाजपने जिंकलेली ही जागा होती. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी हे तिच्यातले सहा विधानसभा मतदारसंघ, आणि मतदानाच्या दिवशी या सहाही ठिकाणचे आमदार महायुतीचे होते. केंद्रातले मंत्रिपद, राज्यातली सत्ता आणि तालुक्या-तालुक्यातले आमदार हे सगळे एका बाजूला असूनही जागा गेली.

कशामुळे गेली, असे नाशिक जिल्ह्यात कोणालाही विचारले तर एकच शब्द ऐकू येतो : कांदा. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कांद्याचा भाव पडणे या भागाला नवे नाही. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्येही लाल कांदा क्विंटलला चारशे-सहाशे रुपयांपर्यंत घसरला होता आणि राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले होते. तो राग मोठा होता, तरी त्याचा रोख बाजारावर, व्यापाऱ्यावर आणि निसर्गावर विभागला गेला होता. डिसेंबर २०२३ नंतर जे घडले ते वेगळे होते. भाव पाडणारी गोष्ट या वेळी एक सरकारी अधिसूचना होती, तिला तारीख होती आणि पुढचे पाच महिने त्या तारखेला दुसऱ्या तारखा जोडल्या जात राहिल्या. दिंडोरीच्या मतदाराने पडलेल्या भावापेक्षा या तारखांचा हिशेब मतदान यंत्रावर मांडला, असे माझे मत आहे, आणि ते पटवून देण्यासाठी हे प्रकरण क्रमाने पाहावे लागेल.

पीक, बाजार आणि मतदार

दिंडोरी मतदारसंघाचे दोन भाग सरळ वेगळे दिसतात. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, कळवणचा डोंगराळ आदिवासी पट्टा. पूर्वेला निफाड, चांदवड, येवला, नांदगाव हा कांद्याचा आणि काही ठिकाणी द्राक्षांचा पट्टा. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, चांदवड, येवला, मनमाड या देशभर नाव असलेल्या कांद्याच्या बाजारपेठा याच पूर्व भागात आहेत. त्यामुळे येथे कांदा म्हणजे केवळ शेतकऱ्याचे पीक नव्हे. लागवडीच्या टोळीतल्या बायका, काढणी उक्ती घेणारे मजूर, ट्रॅक्टरवाले, हमाल, मापारी, खळ्यावर प्रतवारी करणाऱ्या स्त्रिया, बारदानाचे दुकानदार, मालमोटारींचे चालक अशी सगळी साखळी त्यावर चालते. बाजार समितीचे लिलाव चार दिवस बंद राहिले तर गावातल्या किराणा दुकानाची उधारी वाढते, हे येथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे.

कांद्याचे वर्ष ज्याला नीट माहीत नाही त्याला या निवडणुकीतला राग कळणार नाही. खरिपाचा आणि उशिरा खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा मात्र चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने राहतो, आणि देशाच्या एकूण उत्पादनाचा निम्म्याहून बराच मोठा वाटा त्याचाच असतो. या उन्हाळ कांद्याचे उळे, म्हणजे रोपांसाठीचे बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, रोपांची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत काढणी चालते. म्हणजे शेतकरी खर्चाचा मोठा निर्णय डिसेंबरात घेतो आणि त्याचे फळ एप्रिल-मेमध्ये पाहतो. २०२४ मध्ये या दोन टोकांच्या बरोबर मध्ये सरकारचे आदेश आणि शेवटच्या टोकाला लोकसभेचे मतदान येऊन पडले.

आदेशांची मालिका

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यातले लिलाव लगेच बंद पडले. त्यानंतर नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांमार्फत २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन कांदा घेण्याची घोषणा झाली, तरी सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव थांबवले आणि तो बंद जवळजवळ दोन आठवडे चालला. २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली माल बाहेर विकता येत नाही तो दर, ठरवले गेले. आणि ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने ८ तारखेपासून ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यात पूर्ण बंद झाली.

सरकारची बाजू येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा झाला होता. २०२३-२४ मध्ये तो सुमारे २४२ लाख टनांवर येणार होता. अवकाळी पावसाने चाळीतला माल आधीच खराब झालेला होता आणि ऑक्टोबरअखेरीस दिल्लीसारख्या शहरांत किरकोळ भाव किलोला सत्तर-ऐंशी रुपयांवर गेला होता. ज्या घरात रोजच्या कमाईतून रोजची भाजी येते त्या घरासाठी हा भाव खरोखर जाच होता. शिवाय १९९८ मध्ये महागलेल्या कांद्याने दिल्लीतले भाजपचे सरकार घालवले, हा धडा प्रत्येक पक्षाने पाठ केलेला आहे. महाग कांदा मते खातो ही समजूत इतकी पक्की झाली होती, की स्वस्त कांदाही मते खाऊ शकतो या शक्यतेकडे फारसे कोणी पाहिले नाही.

बंदीच्या आदल्या दिवसांत लासलगावला सरासरी भाव चार हजारांच्या आसपास होता. जानेवारीअखेरीस तो हजार-बाराशेच्या घरात आला. नाशिकच्या बाजारात कांदा गोणीत येत नाही, ट्रॉलीत मोकळा येतो. सकाळी ट्रॅक्टर ओळीने उभे राहतात, व्यापारी आणि बाजार समितीचा माणूस ट्रॉलीपासून ट्रॉलीपर्यंत चालत जातात, दोन-चार कांदे हातात घेऊन बोली होते आणि काही क्षणांत शेतकऱ्याचा चार महिन्यांचा निकाल लागतो. एका ट्रॉलीत पंचवीस क्विंटल माल धरला तर चार हजारांच्या भावाने तिचे एक लाख रुपये होतात आणि बाराशेने तीस हजार. काढणी, वाहतूक, हमाली आणि तोलाई दोन्ही वेळी तीच. तोच ट्रॅक्टर, तोच माल, दीड-दोन महिन्यांचे अंतर, आणि मध्ये एक अधिसूचना.

८ डिसेंबरलाच चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. ११ डिसेंबरला शरद पवार स्वतः चांदवडच्या रास्ता रोकोत उतरले. याच भागात त्यांच्या पक्षाचे आमदार अजित पवारांबरोबर गेलेले होते, पक्ष फुटून जेमतेम पाच महिने झाले होते. कांद्याने त्यांना थेट शेतकऱ्यासमोर उभे राहण्याची जागा दिली.

फेब्रुवारीतली घटना मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. १८ फेब्रुवारीच्या सुमारास बंदी उठल्याची बातमी पसरली. १७ तारखेला लासलगावला १,२८० रुपये असलेला सरासरी भाव १९ तारखेला १,८०० वर गेला. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट केले, की बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे, आणि भाव परत खाली आले. बातमीने भाव ४० टक्के चढतो आणि खुलाशाने उतरतो, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर पुरवठा, मागणी, पाऊसपाणी यांचे कोणतेही स्पष्टीकरण त्याला पटणे शक्य नव्हते. आपल्या मालाचा भाव दिल्लीत ठरतो, ही आजवर बोलण्यातली गोष्ट होती. आता तिचा पुरावा त्याच्या हिशेबपट्टीवर आला होता.

तरीही ३१ मार्च ही तारीख होती. डिसेंबरात लागवड करणाऱ्याने तिच्यावर भिस्त ठेवली, कारण त्याचा उन्हाळ कांदा काढणीला येईपर्यंत बंदीची मुदत संपणार होती. २२ मार्चला, मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना, ही बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. आचारसंहिता लागून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. माझ्या मते निवडणुकीच्या दृष्टीने निर्णायक आदेश हाच. डिसेंबरच्या बंदीला निदान तुटवड्याचे कारण होते. मार्चमध्ये नवा माल बाजारात येऊ लागला होता, भाव तळाला होते आणि स्वतः दिलेली मुदत सरकारने मोडली. लागवडीच्या वेळी एक शब्द आणि काढणीच्या वेळी दुसरा, हे कर्ज काढून पीक घेणाऱ्या माणसाला विसरता येत नाही.

पुढे त्यात भर पडत गेली. २५ एप्रिलच्या सुमारास दोन हजार टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली. अट अशी, की तो गुजरातचा असावा आणि तेथील फलोत्पादन आयुक्तांचा दाखला सोबत असावा. दोन हजार टन म्हणजे देशाच्या उत्पादनात नगण्य. परंतु महाराष्ट्राच्या लाल आणि उन्हाळ कांद्याला दार बंद आणि शेजारच्या राज्याला फट उघडी, असे चित्र भर प्रचारात उभे राहिले. सरकारने लगोलग, २७ एप्रिलला, बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठी ९९,१५० टनांची परवानगी दिली असल्याचे सांगितले. हा माल सरकारी व्यवस्थेतून जाणार होता आणि त्यातला बराच कोटा आधीच मंजूर झालेला होता, त्यामुळे शेतकऱ्याच्या भावात त्याने फरक पडला नाही.

४ मे रोजी बंदी उठली. महाराष्ट्रातल्या मतदानाचे दोन टप्पे तोवर झाले होते. सोलापूर, माढा, धाराशिव, बारामती ७ मे रोजी, नगर, शिर्डी, शिरूर, बीड १३ मे रोजी आणि दिंडोरी, नाशिक, धुळे २० मे रोजी मतदान करणार होते. कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्यांचे मतदान पुढे असताना हा निर्णय आला, हे लोकांच्या लक्षात येण्यासाठी विरोधकांनी सांगण्याची गरज नव्हती. शिवाय बंदी उठताना टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावले गेले. हिशेब करून पाहावा : ५५० डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने किलोला सुमारे ४६ रुपये, त्यावर शुल्काचे सुमारे १८ रुपये, म्हणजे ६४ रुपयांच्या खाली कांदा देशाबाहेर जाऊ शकत नव्हता. बाजार समितीत त्याच कांद्याला किलोमागे पंधरा-वीस रुपयांच्या आसपास भाव होता. दार उघडले होते, पण उंबरठा एवढा उंच केला होता की परदेशी खरेदीदार पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा कांदा सोडून आपल्याकडे वळण्याचे कारण नव्हते.

प्रचारातला कांदा

१५ मे रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची सभा पिंपळगाव बसवंतला झाली. भाषण चालू असताना गर्दीतून एका तरुणाने ‘कांद्यावर बोला’ अशी हाक दिली. पंतप्रधानांनी पुढे कांद्याच्या राखीव साठ्याचा, सरकारी खरेदीचा आणि दहा वर्षांत वाढलेल्या निर्यातीचा उल्लेख केला. ती हाक त्याच संध्याकाळी जिल्ह्यातल्या मोबाइल-मोबाइलवर पोहोचली. प्रचाराच्या अखेरच्या दिवसांत मतदार कोणत्या प्रश्नाचे उत्तर मागत होता, हे तिच्यातून जितके स्वच्छ दिसते तितके पक्षांच्या जाहीरनाम्यांतून दिसत नाही.

सरकारी खरेदीचे उत्तर लोकांना का पुरले नाही, हे समजून घेतले पाहिजे. राखीव साठा शेतकऱ्याकडून घेतला जातो हे खरे, परंतु तो बाजारात उतरवला जातो तो शहरातला भाव खाली आणण्यासाठी. २०२३ मध्ये हाच कांदा २५ रुपये किलोने विकला गेला होता. त्यामुळे लासलगावच्या शेतकऱ्याला ही खरेदी आधार वाटण्याऐवजी पुढच्या पडझडीची तयारी वाटते. शिवाय खरेदी बाजार समितीच्या खुल्या लिलावातून न होता बहुतेक शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत होते, आणि तिच्या पारदर्शकतेबद्दल तक्रारी जुन्या आहेत.

डॉ. भारती पवार यांच्यावर वैयक्तिक रोष होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या मंत्री होत्या, पण निर्यातीचे निर्णय त्यांच्या खात्याचे नव्हते. मतदाराचा आक्षेप वेगळा होता : दिल्लीत आमचे माणूस असताना आमचे म्हणणे तेथे कोणी मांडले? खासदाराकडून धोरण बदलण्याची नव्हे, निदान वेळेवर सांगण्याची अपेक्षा असते. कोणता आदेश कधी येणार, किती दिवस राहणार, याचा सुगावा बाजार समितीच्या संचालकांनाही नसायचा.

आकडे काय सांगतात

२०१९ मध्ये भारती पवार यांना ५,६७,४७० मते होती, राष्ट्रवादीचे धनराज महाले यांना ३,६८,६९१ आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जे. पी. गावित यांना १,०९,५७०. या वेळी गावितांनी माघार घेऊन भगरे यांना पाठिंबा दिला. सुरगाणा-कळवण पट्ट्यात त्यांची ताकद मोठी, म्हणून निकालाचे श्रेय विरोधकांच्या एकीला देणारे अनेक आहेत. बेरीज करून पाहिली तर महाले आणि गावित यांची २०१९ मधली मते ४,७८,२६१ होतात. भगरे यांना ५,७७,३३९ मिळाली. म्हणजे एकीच्या बेरजेपलीकडे त्यांना ९९ हजार मते अधिक पडली. दुसरीकडे पवार यांची मते ४,६४,१४० वर आली, घट १,०३,३३०. मतदारयादी वाढत असताना, मतदान दोन-तृतीयांशाच्या आसपास झालेले असताना, एका लाखाहून अधिक मते कमी होणे हे नुसत्या विरोधी एकीने होत नाही. जुना मतदार सरकला, हेच त्याचे सरळ वाचन आहे.

आणखी एक आकडा नजरेआड करता येत नाही. भगरे याच आडनावाच्या, नावापुढे ‘सर’ लावलेल्या आणि तुतारी हे चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला १,०३,६३२ मते पडली. भास्कर भगरे यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. यातली किती मते चुकून गेली हे मोजता येत नसले, तरी अनोळखी अपक्षाला लाखावर मते हेतुपुरस्सर पडली असे मानणे कठीण आहे. तसे असेल तर मूळ अंतर निकालात दिसते त्याहून बरेच मोठे होते. निवडणूक आयोगाने पुढे जुलैमध्ये ते मुक्त चिन्ह गोठवले.

शेजारी नाशिकमध्ये राजाभाऊ वाजे १,६२,००१ मतांनी जिंकले, धुळ्यात शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी. नगर, शिर्डी, शिरूर, सोलापूर याही जागांवर महायुती हरली. या सगळ्याचे खापर कांद्यावर फोडणे चूक ठरेल. धुळ्यात मालेगाव मध्यचे एकगठ्ठा मतदान, बीडमध्ये मराठा आरक्षण, सर्वत्र पक्षफुटीबद्दलची चीड आणि संविधानाविषयीची भीती हे प्रवाह होतेच. दिंडोरीच्या पूर्व भागातही मराठा आरक्षणाचा प्रश्न तापलेला होता, आणि नांदगाव-चांदवडच्या गावांत त्या मे महिन्यात पाण्याचे टँकर फिरत होते.

तुलनेसाठी मला जळगाव आणि रावेर उपयोगी वाटतात. तेथे कापसाचा भावही पडलेलाच होता, तरी भाजपने दोन्ही जागा प्रत्येकी अडीच लाखांहून अधिक मतांनी राखल्या. जातीची गणिते आणि पक्षसंघटना तेथे वेगळी आहे हे मान्य. विदर्भ-मराठवाड्यात कापूस-सोयाबीनचा राग मतांत उतरला हेही मान्य. पण कापसाचा भाव कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशाने पाडला, असे शेतकऱ्याला बोट ठेवून दाखवता येत नाही. कांद्याच्या बाबतीत ते दाखवता आले. निकालानंतर आठवडाभरातच मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी नाशिकमध्ये कांद्याने रडवले अशी कबुली दिली, आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही कांद्याचा फटका बसल्याचे जाहीरपणे मान्य केले.

त्यानंतरचे सहा महिने

या प्रकरणाची सर्वांत अवघड बाजू नोव्हेंबर २०२४ मध्ये समोर आली. विधानसभेला नाशिक जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा महायुतीने जिंकल्या, आणि दिंडोरी लोकसभेतले सहाही आमदार तेच, त्याच जागांवरून, पुन्हा निवडून आले. मग मे महिन्यातला राग खोटा होता का? मला तसे वाटत नाही. १३ सप्टेंबरला किमान निर्यात मूल्य हटवले गेले आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आले. चाळीतल्या कांद्याला त्या शरदात चार हजारांच्या आसपास आणि वरही भाव मिळाला. त्याच काळात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये खात्यांवर येऊ लागले आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल माफ झाले. मतदाराने लोकसभेला केंद्राच्या आदेशावर मत दिले आणि विधानसभेला समोर असलेल्या वेगळ्या हिशेबावर. हा विसरभोळेपणा म्हणणाऱ्यांनी या शेतकऱ्याची वही पाहावी; त्याने प्रत्येक वेळी ज्याचा व्यवहार त्याच्याशीच केला आहे.

यातली खरी हानी निवडणुकीपलीकडची आहे. २०२२-२३ मध्ये भारतातून २५.२५ लाख टन कांदा बाहेर गेला होता. २०२३-२४ मध्ये तो १७.१७ लाख टनांवर आला. एकदा दुसरीकडे वळलेला खरेदीदार आदेश मागे घेतला म्हणून लगेच परत येत नाही.

उरलेले २० टक्के शुल्क रद्द करण्याचा निर्णय २२ मार्च २०२५ रोजी जाहीर झाला आणि १ एप्रिलपासून अमलात आला. निर्णय जाहीर झाला तेव्हा उन्हाळ कांद्याची आवक वाढत होती आणि लासलगावचा भाव १,३३० रुपये होता. त्यानंतरच्या डिसेंबरात रोपे उपटून लागवड करणाऱ्याला आपल्या मालाच्या निर्यातीचे नियम काढणीपर्यंत तेच राहतील अशी लेखी हमी तेव्हाही नव्हती, आणि नाशिकचे कांदा उत्पादक अनुदानापेक्षाही आधी तीच मागत होते.